मराठी घरातले कोशेर स्वयंपाकघर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

लग्न होऊन बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजाच्या, घरात आलेली सून, आईवडिलांपासून दूर स्वतःचे बिऱ्हाड थाटणारा मुलगा, किंवा मधल्या काळात ढिले पडलेले कोशेरचे, म्हणजे यहुदी धर्माला मान्य अशा खाण्यापिण्याचे, नियम पुन्हा पाळू इच्छिणारे कुटुंब, या सर्वांपुढे पहिला प्रश्न एकच असतो: सुरुवात कुठून करावी? पुस्तके चाळली तर नियमांची संख्या पाहूनच धीर सुटतो, आणि त्यांतली बहुतेक पुस्तके अशा स्वयंपाकघरांसाठी लिहिलेली असतात जिथे पोळपाट-लाटणे नाही, रोवळी नाही आणि हिंगाची डबीही नाही. म्हणून हा लेख मराठी घरातील स्वयंपाक डोळ्यांसमोर ठेवून, कामे ज्या क्रमाने हाती घ्यावीत त्या क्रमाने लिहिला आहे. सगळे एका महिन्यात जमवण्याचा हट्ट धरू नये. आधी बाजार, मग मांस, मग दूधदुभते आणि भांडी, आणि ही घडी बसली की शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस), असा क्रम ठेवला तर घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांनाही तो झेपतो.

आपल्या समाजाला हे काही परके नाही, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. कोकणातील गावांत तेलाचे घाणे चालवणारे आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत, आणि मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) उभारले, त्याच्या कितीतरी आधीपासून खवले नसलेला मासा टाळणे, शब्बाथ पाळणे, सुंता करणे आणि शेमा ही प्रार्थना म्हणणे हे घराघरांत चालूच होते. ज्या गोष्टी आपल्या आजी-पणजी न लिहिता करत होत्या, त्यांतील बऱ्याच आजच्या स्वयंपाकघरातही तयारच सापडतात.

बाजारात काय घ्यावे

मूळ नियम तोरामध्ये, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या आणि अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहेत. चतुष्पाद प्राण्याचे खूर दुभंगलेले असावेत आणि तो रवंथ करणारा असावा, या दोन्ही खुणा एकत्र हव्यात. बकरे, मेंढी, गाय, म्हैस या खुणांत बसतात. डुक्कर आणि ससा बसत नाहीत. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा २०१५ पासून अधिक कडक झाला आहे आणि त्याआधीही अनेक बेने इस्रायल घरांत गाईचे मांस शिजत नसे, त्यामुळे व्यवहारात प्रश्न येतो तो मटणाचा आणि कोंबडीचा. पक्ष्यांमध्ये परंपरेने मान्य असलेले तेवढेच घ्यावेत. कोंबडी आणि बदक यांबद्दल शंका नाही.

माशांचा प्रश्न मात्र कोकणी आणि मुंबईकर घरांत रोजचा आहे, म्हणून तो सावकाश समजून घ्यावा. माशाला पर आणि खवले दोन्ही असले पाहिजेत, आणि खवला कातडी न फाटता निघाला पाहिजे. पापलेट, रावस, हलवा, बांगडा, रोहू, कतला हे मासे चालतात. पापलेटचे खवले इतके बारीक आणि सैल असतात की बाजारात येईपर्यंत बरेचसे गळून गेलेले असतात, पण पाण्यात असताना खवले होते हे ठाऊक असले म्हणजे पुरे. कोळंबी, खेकडे, शेवंड, तिसऱ्या, कालवे आणि माकूळ यांना पर-खवले नाहीत, म्हणून ती सर्व वर्ज्य. मुशी, पाकट, शिंगाळा आणि वाम हेही चालत नाहीत. मुशीचे अंग खरखरीत लागते, पण तो खरखरीतपणा कातडीचाच भाग असतो आणि नखाने ओढून सुटा होत नाही, त्यामुळे तो या नियमात खवला धरला जात नाही.

नव्याने शिकणाऱ्याने मासा अख्खा, कातडीसह पाहूनच घ्यावा. कापलेल्या, कातडी काढलेल्या तुकड्यांवरून जात ओळखणे कोळिणीला जमते, आपल्याला नाही. पाटीत शेजारी कोळंबी असली म्हणून थंड मासा बाद होत नाही. घरी आणून तो वाहत्या पाण्याखाली घासून धुवावा, आणि कापण्याआधी कोयता व फळी धुऊन घेण्याची विनंती करावी. नेहमीच्या कोळिणीला एकदा कारण सांगितले की पुढच्या वेळी ती स्वतःच आधी आपला मासा कापून देते. गाभोळी घ्यायची तर ती कोणत्या माशाच्या पोटातून निघाली हे समोर पाहून घ्यावी, कारण चालणाऱ्या माशाचीच गाभोळी चालते. माशाला मांसासारखे मीठ लावण्याचे बंधन नाही. मासा आणि मटण मात्र एका भांड्यात शिजवत नाहीत आणि एका घासात खात नाहीत; दोन्ही एकाच जेवणात असतील तर आधी मासा खावा, ताटली बदलावी, मध्ये पाणी प्यावे आणि मग मटणाकडे वळावे.

मटण आणि कोंबडी

इथे नवख्या माणसाची सर्वांत मोठी गफलत होते, म्हणून स्पष्ट लिहितो. हलाल म्हणून विकले जाणारे मांस कोशेर नसते. कापण्याची पद्धत वरवर जवळची दिसली तरी आपल्याकडे शिक्षण घेतलेल्या आणि मान्यता मिळालेल्या यहुदी माणसानेच, दाते नसलेल्या धारदार सुरीने, बेराखा (स्तुतीची छोटी प्रार्थना) म्हणून, न थांबता आणि न दाबता कापणे आवश्यक आहे, आणि त्यानंतर जनावराची फुप्फुसे तपासली जातात. काही विशिष्ट चरबी आणि मांडीतील मोठी शीर काढून टाकावी लागते. या शिरेचा नियम याकोबच्या कथेतून, उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायातून आला आहे. मागच्या पायातील हे काम कौशल्याचे असल्याने अनेक ठिकाणी मागचा भाग वापरतच नाहीत.

मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे, अलिबाग या ठिकाणी राहणाऱ्यांनी आपल्या सिनेगॉगमधील हझानांकडे (प्रार्थना चालवणाऱ्यांकडे) चौकशी करावी: कोशेर कोंबडी आणि मटण कोणत्या दिवशी, कुठे मिळते, ते आधी सांगून ठेवावे लागते का, आणि ते मीठ लावून मिळते की तसेच. भारतात आज आपण काही हजारच उरलो आहोत, त्यामुळे हे मांस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही. जिथे ते मिळत नाही अशा गावात नोकरीनिमित्त राहणाऱ्याने मासे, अंडी, कडधान्ये आणि भाज्या यांवर राहावे, आणि शहरात फेरी होईल तेव्हा मांस आणून गोठवून ठेवावे. माझे स्पष्ट मत असे की महिन्यातून दोनदाच मांस खाणे परवडते, पण सोयीसाठी नियम वाकवण्याची सवय परवडत नाही. इस्रायलमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे हे काम पुष्कळ सोपे आहे, कारण तिथे दुकानातून मिळणारे कोशेर मांस बहुधा मीठ लावून धुतलेलेच असते. तरी पाकिटावर तसे लिहिले आहे का, हे वाचून घ्यावे.

मांस तसेच मिळाले असेल तर रक्त काढण्याची क्रिया घरी करावी लागते, आणि ती कापल्यापासून ७२ तासांच्या आत झाली पाहिजे. गोठवण्याआधी ती उरकणे हेच श्रेयस्कर. रीत अशी. मांसाचे तुकडे धुऊन, दिसणारे रक्त काढून, साध्या पाण्यात अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवावेत. त्यासाठी एक पातेले कायमचे वेगळे काढावे आणि त्यात दुसरे काही करू नये. नंतर तुकडे उपसून पाणी निथळू द्यावे, पण अगदी कोरडे होऊ देऊ नयेत, नाहीतर मीठ चिकटत नाही. मग सर्व बाजूंनी मीठ लावावे. बारीक मीठ लगेच विरघळून जाते आणि मोठे खडे घरंगळून पडतात, म्हणून खडे मीठ खलबत्त्यात थोडे ठेचून जाडसर करून घ्यावे. मीठ लावलेले तुकडे भोके असलेल्या रोवळीत किंवा चाळणीत, खाली परात ठेवून, एक तास ठेवावेत. रोवळी तिरकी ठेवली तर तुकडे साचलेल्या रक्तात बसत नाहीत आणि रक्त खाली गळून जाते. कोंबडी असेल तर ती पोटाकडून उघडून आतून आणि बाहेरून दोन्हीकडे मीठ लावावे. तासाभराने मीठ झटकून तुकडे तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावेत, म्हणजे मांस शिजवायला तयार झाले. खिमा करायचा असेल तर तो यानंतरच करावा.

कलेजीला मात्र मीठ पुरत नाही. तिच्यात रक्त इतके असते की ती आडवीतिडवी चिरून, धुऊन, थोडे मीठ भुरभुरून उघड्या विस्तवावर जाळीवर भाजावी लागते, रक्त खाली गळून जाईल अशा रीतीने. कलेजी कधीही इतर मांसाबरोबर भिजवू किंवा मीठ लावून ठेवू नये, आणि भाजल्याशिवाय रश्श्यात टाकू नये. भाजून धुतल्यावर तिचे सुके किंवा रस्सा काय हवे ते करता येते.

दूधदुभते आणि मांस

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा आली आहे: निर्गमात दोनदा आणि अनुवादात एकदा. त्यातूनच मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र शिजवू नयेत, एकत्र खाऊ नयेत आणि त्यांच्या मिश्रणापासून लाभही घेऊ नये, हे तीन नियम निघाले. यात दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, खवा आणि पनीर हे सर्व आले. तूप हे दुधाचेच आहे ही गोष्ट मराठी घरात पटकन लक्षात येत नाही, कारण भातावर तूप वाढणे ही हाताची सवय झालेली असते. मटणाच्या जेवणात वरणभातावर तूप नाही, पोळीला तूप नाही, कोंबडीला दही लावून ठेवणे नाही, बिर्याणीत साय नाही, आणि जेवणानंतर बासुंदी किंवा श्रीखंड नाही.

सर्वांत अवघड जाते ते जेवणाचे ताट नव्हे, जेवणानंतरचा चहा. दुपारी एकला मटण जेवल्यावर चार वाजता सवयीने दुधाचा चहा समोर येतो. मांस खाल्ल्यानंतर दुधाचे खाण्यापूर्वी सहा तास थांबण्याची प्रथा सर्वांत व्यापक आहे. काही समाजांत तीन तास किंवा एक तासाचीही रीत आहे, पण ती ज्यांच्या पूर्वजांपासून चालत आली त्यांच्यासाठीच. आपल्या घराची रीत कोणती हे वडीलधाऱ्यांना किंवा हझानांना विचारून एकदा ठरवावे आणि मग ती बदलू नये. मांसाच्या दिवशी चारचा चहा बिनदुधाचा, गवती चहा आणि आले घालून करावा. चार-सहा आठवड्यांत त्याची गोडी लागते. उलट दिशेने, म्हणजे दुधाचे खाल्ल्यानंतर मांस खायचे असेल तर इतके थांबावे लागत नाही: हात धुवावेत, चूळ भरावी, पोळीचा किंवा अन्य काही कोरडा घास खावा आणि मग मांसाचे जेवण वेगळ्या ताटात घ्यावे.

या नियमाचा सर्वांत मोठा आधार कोकणानेच आपल्याला दिला आहे, तो म्हणजे नारळ. जे पदार्थ ना मांसाचे ना दुधाचे त्यांना पार्वे म्हणतात आणि ते दोन्हींबरोबर चालतात. नारळाचा रस घातलेली मटणाची आमटी, चिंच किंवा कोकमाने आंबटपणा आणलेली कोंबडी आणि तेलावर केलेला पुलाव यांत दुधाची उणीव कुठेच जाणवत नाही. रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, आपल्या घरांत होणारा चिकाचा हलवा हे याचे उत्तम उदाहरण आहे: गहू काही दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून तो नारळाच्या रसात आणि साखरेत तासन्‌तास ढवळत शिजवतात. त्यात दुधाचा थेंब नसल्यामुळे सणाच्या मटणाच्या जेवणानंतर तो निर्धास्तपणे वाढता येतो. नवीन गृहिणीने आपल्या रोजच्या पदार्थांची एक यादी करून प्रत्येकापुढे मांसाचा, दुधाचा की पार्वे असे लिहावे. सोलकढी, उकडीचे मोदक आणि नारळाच्या वड्या या पदार्थांत आपण दूध, तूप किंवा साय घालतो का, याचा विचार ही यादी करताना प्रथमच होतो. मोदकाच्या उकडीत अनेक घरी सवयीने तूप पडते. त्याजागी तेल घातले की तोच मोदक मांसाच्या जेवणात चालतो.

भांडी

मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी लागतात: कुकर, पातेली, कढई, ताटवाट्या, डाव, सुऱ्या, भांडी घासायचा काथ्या आणि पुसायचे फडके हे सगळे दोन-दोन. जागा लहान असेल तर फडताळाचा वरचा खण दुधाचा आणि खालचा मांसाचा, अशी विभागणी पुरते. पार्वे पदार्थांसाठी एक सुरी, एक पातेले आणि तवा वेगळा ठेवावा, म्हणजे पोळ्या आणि साधी भाजी कुठल्याही जेवणात वाढता येतात. भांड्यांच्या दुकानात स्टीलवर नावे कोरून देतात, त्याचा फायदा घ्यावा: कुटुंबाच्या नावापुढे मांसाच्या भांड्यावर "मां" आणि दुधाच्या भांड्यावर "दू" कोरून घेतले की पाहुणी आलेली मावशी किंवा नवीन कामवाली चुकत नाही. रंगाचा ठिपका घासण्याने निघून जातो, कोरलेले अक्षर जात नाही.

नवी धातूची आणि काचेची भांडी यहुदी नसलेल्या कारखानदाराकडून किंवा दुकानदाराकडून आली असतील तर जेवणासाठी वापरण्यापूर्वी ती मिकव्यात (धार्मिक शुद्धीसाठीच्या पाण्याच्या कुंडात) बुडवावी लागतात. मिकवा जवळ नसेल तर समुद्र चालतो, आणि मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. बुडवण्यापूर्वी स्टीलवरचे कागदी लेबल आणि त्याखालचा डिंक खोबरेल तेलाने घासून पूर्ण काढावा, कारण पाणी भांड्याच्या प्रत्येक भागाला लागले पाहिजे. भांडे हातात घट्ट धरण्याऐवजी ओल्या हाताने सैल धरावे, बेराखा म्हणावी आणि ते आतबाहेर पूर्ण पाण्याखाली जाऊ द्यावे. गर्दी आणि लाटा टाळण्यासाठी, पाणी शांत असेल अशा वेळी आणि अशा जागी जावे. मातीच्या साध्या आणि लाकडी भांड्यांना हे लागू नाही.

घरातील जुनी भांडी कोशेर करायची असतील तर ती कशी वापरली गेली यावर उपाय ठरतो. पाण्यात शिजवण्याची धातूची पातेली घासूनपुसून २४ तास न वापरता ठेवावीत आणि मग खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढून थंड पाण्याने धुवावीत. थेट विस्तवावर भाजण्यासाठी वापरलेल्या जाळ्या आणि सळ्या लाल होईपर्यंत तापवाव्या लागतात. मातीच्या हंड्यांना उपाय नाही, त्या बदलाव्यात. कुकरची रबरी रिंग आणि शिटी यांत अन्न अडकून राहते, म्हणून रिंग नवी घेणे सोपे. प्रत्येक भांड्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. सगळी भांडी ओट्यावर मांडून एकदा जाणत्या व्यक्तीला घरी बोलवावे. तासाभरात जे उलगडते ते पुस्तक वाचून महिनाभरात उलगडत नाही.

निवडणे, टिपणे आणि पाकिटे

किडे खाणे हे तोरामध्ये स्पष्टपणे मना आहे, आणि या नियमाची तयारी मराठी घरात आधीपासून आहे. सुपात तांदूळ घेऊन निवडणे, डाळ पाखडणे, पीठ चाळणे हे आपल्याकडे धर्म न विचारता होते. फक्त जिथे कीड लपते तिथे डोळा अधिक तीक्ष्ण हवा. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे तुरे सुटे करून मिठाच्या पाण्यात ठेवावेत आणि नंतर उजेडात पाहावेत. मेथी, पालक, कोथिंबीर आणि पुदिना यांची पाने सुटी करून भरपूर पाण्यात खळबळून, पाणी बदलून, पुन्हा धुवावीत. अंजीर उघडल्याशिवाय तोंडात टाकू नये, बोराचे दोन भाग करून पाहावे, आणि चवळी-हरभऱ्यात भोक असलेला दाणा वेगळा काढावा. अंडे थेट कढईत न फोडता काचेच्या वाटीत फोडून पाहावे. रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून द्यावे.

पाकिटांवरचा हिरवा ठिपका आपल्याला बराच उपयोगी पडतो, पण तो कोशेरचा शिक्का नव्हे. त्यातून त्या पदार्थात मांस, मासे आणि अंडे नाही एवढेच कळते. दुधाचे पदार्थही हिरव्या ठिपक्याखालीच येतात, म्हणून मटणाच्या जेवणानंतर हिरवा ठिपका पाहून बिस्कीट हातात घेण्यापूर्वी घटकांच्या यादीत दूध, दूध पावडर, लोणी किंवा व्हे आहे का ते वाचावे. द्राक्षांपासून केलेली वाइन आणि व्हिनेगर यांना वेगळे नियम आहेत. कोशेर खूण नसलेली वाइन वापरू नये. यामुळेच आपल्या घरांत किद्दुशसाठी (शब्बाथ आणि सणाच्या जेवणाआधी द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून शरबत करण्याची रीत रुळली. मनुकांचे आणि पाण्याचे प्रमाण घरच्या जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावे, कारण फार पातळ शरबतावर द्राक्षरसाची बेराखा म्हणता येत नाही.

शहरातील अनेक घरांत स्वयंपाकाला बाई येते. ती यहुदी नसेल तर तिने एकटीने शिजवलेले काही पदार्थ चालत नाहीत, म्हणून घरातील कोणीतरी स्वयंपाकात भाग घ्यावा लागतो. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील यहुद्यांच्या) प्रथेत गॅस पेटवणे पुरते, सेफार्दी (स्पेनमधून आलेल्या यहुद्यांच्या) प्रथेत पातेले गॅसवर ठेवणेही घरच्यानेच करावे. सकाळी बाई आली की दोन मिनिटे ओट्यापाशी उभे राहून हे दोन्ही करून टाकावे, म्हणजे प्रश्न मिटतो.

हात धुणे, बेराखा आणि मलिदा

पोळी किंवा पाव खाण्यापूर्वी भांड्याने हातांवर पाणी घेऊन बेराखा म्हणतात. यासाठी वेगळे भांडे विकत आणण्याची गरज नाही. काठ अखंड असलेला घरातला तांब्या उत्तम. तोटी असलेली झारी घेऊ नये. आधी उजव्या, मग डाव्या हातावर मनगटापर्यंत पाणी घ्यावे, आणि हात पुसून घास घेईपर्यंत बोलू नये.

पावाची बेराखा, हामोत्सी, ही गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांच्या भाकरीवरच म्हणतात. गव्हाच्या पोळीवर ती म्हणण्याची आपली रीत आहे. तांदळाच्या, ज्वारीच्या, बाजरीच्या किंवा नाचणीच्या भाकरीवर ती म्हणत नाहीत, भाकरीने पोट कितीही भरले तरी. पोळ्यांची कणीक एका वेळी साधारण सव्वा किलो पिठाहून अधिक मळली तर त्यातून लहान गोळा काढून जाळण्याचा, हल्ला नावाचा, नियम लागू होतो. रोजच्या चार माणसांच्या पोळ्यांना तो लागत नाही, पण लग्नाघरी किंवा सणाला लक्षात ठेवावा.

फळांच्या बेराखा शिकण्यासाठी मलिद्याच्या ताटासारखा वर्ग नाही. नवस फेडताना, नव्या घरात जाताना, आजारातून उठल्यावर किंवा लग्नाच्या आधी एलियाहू हानाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलची आणि सुकामेवा कालवून मलिदा करतात आणि भोवती फळे मांडतात. झाडाच्या फळांवर "हाएत्स" आणि जमिनीतून येणाऱ्यांवर "हाअदामा" म्हणतात. केळे या दुसऱ्या प्रकारात येते, कारण केळीचा खांब एकदा घड देऊन मरतो आणि तो झाड धरला जात नाही. नवखे लोक इथे हमखास अडखळतात. झाडाच्या फळांत खजूर ताटात असेल तर बेराखा त्याच्यावर म्हणावी, कारण अनुवादच्या आठव्या अध्यायात इस्रायल देशाची जी सात पिके सांगितली आहेत त्यांत तो आहे. अंजीर, द्राक्षे आणि डाळिंबही त्यांत आहेत. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, अनेक कुटुंबे आजही हे ताट घेऊन जातात. मुलांना तिथे नेण्याआधी घरी एकदा बेराखांचा सराव करून घ्यावा.

शुक्रवार आणि शनिवार

शब्बाथचे यश शुक्रवारच्या दुपारवर अवलंबून असते. सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी दिवे लावण्याची प्रथा सर्वदूर आहे. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या आसपास होतो आणि जुलैत सव्वासातच्या पुढे, त्यामुळे हिवाळ्यात कार्यालयातून लवकर निघण्याची बोलणी आधीच करून ठेवावीत. मेणबत्त्या नसतील तर तेलाचे दिवेही चालतात. दिवा लावल्यानंतर विस्तव पेटवणे, विझवणे आणि शिजवणे बंद. जेवण गरम ठेवायचे असेल तर पूर्ण शिजलेल्या अन्नाखाली, मंद गॅसवर धातूचा पत्रा ठेवून ते दिवे लावण्यापूर्वीच मांडावे. गॅस रात्रभर चालू ठेवायचा नसेल तर विजेची तापती पाटी अधिक सुरक्षित आहे.

चहाची सोय अशी करावी. उकळते पाणी शुक्रवारीच थर्मासमध्ये भरावे आणि चहा पावडरीचा दाट अर्क उकळून, गाळून ठेवावा. शनिवारी थर्मासचे पाणी एका कोरड्या कपात, तिथून दुसऱ्या कपात ओतावे आणि त्यात अर्क मिसळावा. फ्रीजचा दिवा शुक्रवारी काढून ठेवावा.

एक गोष्ट मराठी घरात विशेष जपावी लागते: शब्बाथला निवडणे मना आहे. तांदळातला खडा काढणे, डाळ पाखडणे, कोथिंबिरीची खराब पाने बाजूला करणे ही सर्व कामे त्यात येतात. म्हणून जे निवडायचे ते शुक्रवारी दुपारपर्यंत निवडून डब्यात भरून ठेवावे. मिसळलेल्यातून आपल्याला हवे ते हाताने उचलून लगेच खाणे चालते. नको ते वेचून टाकणे चालत नाही.

शनिवारी तीन तारे दिसले की हावदाला, म्हणजे शब्बाथची सांगता: द्राक्षरस, सुगंध आणि ज्योत. सुगंधासाठी डब्यातली लवंग, दालचिनी किंवा वेलची पुरते.

पेसाह आणि हिंगाची डबी

पेसाहचे, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाचे, दिवस इस्रायलमध्ये सात आणि भारतात आठ. या काळात वरील पाच धान्यांचे आंबलेले किंवा आंबू शकणारे काहीही घरात नसावे, आणि इथेच मराठी फडताळाची खरी परीक्षा असते. कणीक, रवा, मैदा, शेवया, पाव, टोस्ट आणि बिस्किटे चटकन लक्षात येतात. लक्षात येत नाही तो हिंग. दुकानात मिळणारा बांधणीचा हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो, त्यामुळे त्याची डबी, तो घातलेला गोडा मसाला, पापड, लोणचे आणि फरसाण हे सर्व बाहेर गेले पाहिजे. त्या आठ दिवसांची फोडणी मोहरी, जिरे, हळद आणि कढीपत्त्याची करावी. मसाला घरी, वेगळ्या भांड्यात, हिंगाशिवाय कुटून ठेवावा.

तांदूळ आणि कडधान्ये अश्केनाझी लोक पेसाहला खात नाहीत; बेने इस्रायल घरांत भात खाण्याची रीत आहे, मात्र तांदळात गव्हाचा दाणा मिसळलेला नाही ना हे पाहण्यासाठी तो तीनदा निवडून घ्यावा. बटाटे, रताळी, साबुदाणा, शेंगदाणे, खोबरे यांवर चालणारी उपवासाची पाककृती आपल्याला फार कामाची आहे, कारण तिच्यात गहू येतच नाही. पण उपवासाची म्हणून विकली जाणारी तयार पीठे बहुधा गहू दळणाऱ्या गिरणीतच दळलेली असतात, म्हणून पीठ न घेता अख्खा जिन्नस घ्यावा आणि घरी मिक्सरचे पेसाहसाठी ठेवलेले भांडे वापरून वाटावा. सेदेरसाठी, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणासाठी, खजूर शिजवून, गाळून आटवलेला दाट पाक (याला शिरा म्हणतात, रव्याचा शिरा नव्हे) हारोसेत म्हणून, म्हणजे ताटातला गोड पदार्थ म्हणून, ठेवतात. माझ्या मते ही सर्व पेसाहच्या तयारीतील सर्वांत आनंदाची गोष्ट आहे आणि मुलांना ती ढवळायला द्यावी.

साफसफाई दोन-तीन आठवडे आधी कपड्यांच्या खिशांपासून आणि शाळेच्या दप्तरांपासून सुरू करावी, स्वयंपाकघर शेवटी घ्यावे. आदल्या रात्री दिवा घेऊन घर शोधतात आणि सापडलेले दुसऱ्या दिवशी सकाळी जाळतात. जे टाकून देणे परवडत नाही, म्हणजे पोतेभर गहू किंवा वर्षभराचा मसाला, ते एका कपाटात बंद करून यहुदी नसलेल्या व्यक्तीला रीतसर विकण्याची व्यवस्था रब्बी किंवा हझानांमार्फत करता येते. त्या विक्रीचा अधिकार लेखी द्यावा लागतो आणि ती पेसाहच्या आदल्या दिवशी सकाळी पूर्ण व्हावी लागते, म्हणून निदान एक आठवडा आधी हझानांशी बोलून घ्यावे आणि कपाटातील वस्तूंची यादी सोबत न्यावी.